‘पाणी’ म्हणता न येणारा मुलगा : कंपूबाहेरच्या मुलांची विनोदी आणि गंभीर कादंबरी लिहिताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. किशोरवयीन वाचकांसाठी आपण एक कादंबरी लिहिली आहे. तिचा नायक पराग हा १४ वर्षांचा, अडखळत बोलणारा मुलगा नव्या शाळेत येतो आणि वर्षभर वर्गातल्या एकाही कंपूत त्याला जागा मिळत नाही. सुमारे ४५,००० शब्दांचा खर्डा दोन जाणकारांनी वाचला. पहिल्याने सांगितले की विनोदामुळे मुलाच्या दुःखाचे वजन गेले आहे. दुसऱ्याने सांगितले की नवव्या प्रकरणानंतर पुस्तक एवढे जड होते की ते दुसऱ्याच कोणीतरी लिहिल्यासारखे वाटते. आता विनोद कमी करावा की गंभीर भाग, आणि पराग शेवटी वक्तृत्व स्पर्धा जिंकतो तो शेवट ठेवावा का, असे आपण विचारले आहे. सोबत प्रकरणवार आराखडा आणि तीन पाने पाठवली आहेत. गेली २२ वर्षे मी किशोरवयीन वाचकांसाठीच्या कथा-कादंबऱ्यांचे संपादन करत आले आहे आणि याच अडचणीत सापडलेले एखादे हस्तलिखित माझ्याकडे दरवर्षी येते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन्ही वाचकांचे म्हणणे खरे आहे आणि दोघांनीही एकाच दोषावर बोट ठेवले आहे. आपल्या पुस्तकात विनोद लेखकाच्या तोंडून येतो आणि दुःख परागच्या तोंडून येते. पहिल्या नऊ प्रकरणांत आपण परागकडे बाहेरून पाहून गमतीदार निरीक्षणे करता. दहाव्या प्रकरणापासून आपण बाजूला होता आणि पराग एकटा रडत बसतो. त्यामुळे कात्री लावून हा दोष जाणार नाही. विनोद निम्मा केला तर पुस्तक निम्मे कोरडे होईल, आणि रडणे कमी केले तर उरलेला विनोद पोकळ वाजू लागेल. हसू आणि दुःख या दोन्हींचा उगम परागच्या एकाच सवयीत असला पाहिजे. ती सवय आपण पाठवलेल्या तीन पानांवर आधीपासून आहे. फक्त आपले तिच्याकडे पुरते लक्ष गेलेले नाही.

परागची जीभ ‘प’ या अक्षरावर अडते. म्हणून तो ‘प’ने सुरू होणारे शब्द टाळतो आणि त्यांच्या जागी दुसरे शब्द घालतो. आपण लिहिले आहे : ‘त्या दिवसापासून मी पाण्याला जल आणि पुस्तकाला ग्रंथ म्हणू लागलो. एकदा मी बाईंना म्हणालो, “मला जलप्राशनासाठी जाऊ द्याल का?” सगळा वर्ग खो खो हसला. तेव्हापासून माझे नाव ऋषी पडले.’ ही कल्पना उत्तम आहे, आणि ती खरीही आहे. अडखळत बोलणारी पुष्कळ माणसे वाक्य तोंडातून निघण्याआधीच पुढचा रस्ता पाहून ठेवतात, अडणारा शब्द येतो आहे असे दिसले की वळण घेतात आणि त्यासाठी आडवाटेचा शब्दसंग्रह जन्मभर जवळ बाळगतात. परंतु आपण ही गोष्ट एक गंमत म्हणून चार ओळींत उरकली आणि पुढच्या गमतीकडे गेलात. ‘सगळा वर्ग खो खो हसला’ या वाक्यामुळे वाचकालाही वर्गाबरोबर हसण्याची सूचना मिळते. त्यानंतर बरेच पुढे, पंधराव्या प्रकरणात, परागला स्वतःचे नाव सांगता येत नाही असा स्वतंत्र, अश्रूंनी भरलेला प्रसंग येतो. तो वाचताना मला वाटले की एकाच फळाच्या दोन फोडी आपण दोन वेगळ्या टोपल्यांत ठेवल्या आहेत.

अडखळत बोलणाऱ्यांना स्वतःचे नाव सांगणे बहुधा सर्वांत अवघड जाते, याचे एक साधे कारण असे की पाण्याला जल म्हणून वेळ मारून नेता येते, पण नावाला दुसरा शब्द चालत नाही. ज्या युक्तीवर आपण वाचकाला हसवता, तीच युक्ती ज्या एका ठिकाणी निकामी ठरते, तिथेच परागचे दुःख आहे. दोन्ही गोष्टी एका पानावर आणून पाहा. मी नमुन्यादाखल एक परिच्छेद लिहिते. तो आपण वापरावा असा आग्रह नाही, केवळ विनोद कुठून निघतो हे पाहावे.

‘पाण्याला पर्याय आहेत. जल आहे, उदक आहे, नीर आहे, आणि फारच तहान असेल तर घशाकडे बोट दाखवता येते. पुस्तकाला ग्रंथ आहे. पेनाला लेखणी आहे. पंख्यासाठी मी दोन दिवस शब्दकोश चाळला तेव्हा व्यजन हा शब्द मिळाला, पण तोवर थंडी सुरू झाली होती आणि पंखा लावा म्हणायची वेळच आली नाही. मग नवीन बाईंनी विचारले, “तुझं नाव काय?” शब्दकोशात परागला पुष्परज असा एक पर्याय आहे. तोही “प”वरूनच सुरू होतो. मी म्हणालो, “हर्षद.” बाईंनी हजेरीपट खालीवर पाहिला. “या वर्गात हर्षद नावाचं कोणी नाही,” त्या म्हणाल्या. ते अगदी खरे होते.’

या परिच्छेदात वर्ग हसला की नाही हे मी लिहिलेले नाही, आणि पराग दुःखी झाला हेही लिहिलेले नाही. पुष्परजापर्यंत वाचक हसत येईल आणि शेवटच्या वाक्याशी थांबेल, अशी माझी अपेक्षा आहे. तो थांबेल तो आपण सांगितले म्हणून थांबणार नाही, तर एवढा वेळ आपण कशाला हसत होतो हे त्याच्या ध्यानात आल्यामुळे थांबेल. शब्दांची ही यादी परागची स्वतःची आहे. ती त्याने कष्टाने जमवली आहे आणि तिचा त्याला थोडा अभिमानही आहे. त्या अभिमानामुळे वाचक त्याची कीव करत नाही. कंपूबाहेरच्या मुलाची गोष्ट लिहिताना कीव हा सर्वांत मोठा धोका असतो, कारण किशोरवयीन वाचकाला कीव फार दुरून ओळखू येते आणि ती आली की तो पुस्तक मिटतो.

फ्रेंच तत्त्वज्ञ आँरी बर्गसाँ यांनी १९०० साली हास्यावर लिहिलेल्या प्रबंधात असे मांडले आहे की हसणाऱ्याचे हृदय तेवढ्यापुरते बधिर झालेले असते. ज्याच्याविषयी आपल्या मनात कणव जागी आहे त्याला आपण हसू शकत नाही. परागच्या वर्गाला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. वर्ग हसतो तो बधिरपणाने. मात्र आपल्या वाचकाचे हसणे तसे राहिले तर वाचक वर्गाच्या बाकांवर जाऊन बसतो आणि परागच्या विरुद्ध बाजूचा होतो. पहिल्या नऊ प्रकरणांत नेमके तेच घडते आहे. वाचकाला परागच्या शेजारी बसवा, त्याच्या डोळ्यांनी वर्ग दाखवा, म्हणजे हसू तसेच राहील आणि बधिरपणा जाईल. हे साधायला प्रथमपुरुषी निवेदन पुरेसे असते असे पुष्कळांना वाटते, पण तसे नाही. आपले निवेदन प्रथमपुरुषीच आहे, तरी त्यातला ‘मी’ जागोजागी चाळिशीतल्या माणसासारखा बोलतो, स्वतःच्या बालपणाकडे प्रेमाने मागे वळून पाहतो आणि ‘आज आठवले की हसू येते’ असे म्हणतो. आराखड्यात आणि पाठवलेल्या पानांत मिळून हे वाक्य चारदा आले आहे. चारही ठिकाणी ते काढून टाका. १४ वर्षांच्या मुलाजवळ ‘आज’ नसतो. त्याच्याजवळ उद्याचा सकाळचा तास असतो.

निवेदकाला किती कळते आणि वाचकाला किती कळते, यांच्यातल्या अंतरातून विनोद कसा निघतो हे पाहायचे असेल तर ब्रिटिश लेखिका सू टाउनसेंड यांची १९८२ मधली डायरीच्या रूपातली कादंबरी उपयोगी पडते. तिच्या नायकाचे वय शीर्षकातच पावणेचौदा वर्षे असे दिले आहे. आई-वडिलांचा संसार मोडत चालला आहे आणि आईचे शेजाऱ्याशी काय चालले आहे याच्या सगळ्या खुणा तो मुलगा इमानेइतबारे डायरीत लिहून ठेवतो, पण त्यांचा अर्थ त्याला लागत नाही. त्याला त्या दिवशी स्वतःच्या हनुवटीवरच्या पुळीची जास्त चिंता असते. वाचक हसतो, कारण त्याला मुलापेक्षा अधिक दिसते, आणि हसता हसता त्या मुलाविषयी त्याच्या मनात माया उपजते, कारण मुलावर काय कोसळणार आहे हेही त्याला दिसते. आपल्याकडे प्रकाश नारायण संत यांच्या कथांमधला लंपन आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढतो. त्याच्या बोलण्यातली गंमत आणि त्या दूर असण्याचे दुःख वेगळे काढून दाखवता येत नाही. दोन्ही लेखकांनी मुलाला विनोद करायला लावलेले नाही. मूल गंभीरपणे बोलत राहते. या वयाच्या पात्राचा सर्वांत चांगला विनोद बहुतेक वेळा तो स्वतः पूर्ण गांभीर्याने बोलत असताना घडतो, ही गोष्ट मला कामाच्या पहिल्या काही वर्षांत समजली नव्हती आणि त्या काळात मी काही लेखकांना चुकीचे सल्लेही दिले.

अर्थात, मुलगा जाणूनबुजून विनोद करतो असेही प्रसंग आपल्याला लागतील, आणि तिथे जास्त जपून चालावे लागते. मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या : इतरांशी जवळीक साधणारा, स्वतःला धीर देणारा, दुसऱ्याला बोचकारणारा आणि स्वतःलाच खाली ओढणारा. कथालेखकाने अशा वर्गवारीला फार चिकटून राहू नये, तरी कंपूबाहेरच्या मुलाच्या बाबतीत चौथी तऱ्हा समजून घेणे अगत्याचे आहे. इतरांनी टिंगल करण्याआधी आपणच आपली टिंगल केली की घाव आपल्या हातात राहतो, हे या मुलांना फार लवकर उमजते. आपल्या सहाव्या प्रकरणात पराग स्वतःहून ‘ऋषी’ची नक्कल करून दाखवतो आणि मधल्या सुट्टीत त्याच्याभोवती पहिल्यांदा घोळका जमतो. हा प्रसंग आपण विजय म्हणून लिहिला आहे. तो विजय आहेच, फक्त त्याची किंमत पानावर दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पराग खरोखर काही सांगायला उभा राहतो, समजा कोणाची हरवलेली वही त्याला सापडली आहे, आणि वर्ग त्याचे वाक्य सुरू होण्याआधीच हसायला लागतो. त्याने स्वतःच त्यांना तसे शिकवले आहे. ही एक पाऊण पानाची भर घातली की सहावे प्रकरण हलके राहूनही पुढच्या दहाव्या प्रकरणाशी आपोआप जोडले जाईल, आणि आपल्या दुसऱ्या वाचकाला जो सांधा तुटलेला वाटला तो जुळेल.

आता एकटे पडण्याविषयी. आपल्या खर्ड्यात परागला सतत कोणीतरी चिडवते, ढकलते, त्याचे दप्तर लपवते. अशा प्रसंगांची वाचकाला सवय आहे आणि तो ते भराभर वाचून टाकतो. वगळले जाणे याहून पुष्कळ शांत असते. मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांनी सहकाऱ्यांसह २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचा आराखडा अगदी साधा होता : पडद्यावर तीन खेळाडू एकमेकांकडे चेंडू टाकतात, आणि थोड्या वेळाने उरलेले दोघे तिसऱ्याकडे चेंडू टाकणे थांबवतात. कोणी शिवी देत नाही, कोणी हसत नाही. एवढ्यानेही त्या तिसऱ्याची मनःस्थिती आणि आपण इथले आहोत ही भावना खालावते. नंतरच्या, २००४ मधल्या प्रयोगात तर समोरचे दोघे माणसे नसून संगणक आहे असे आधी सांगूनही तसाच परिणाम दिसला. कादंबरीकाराच्या दृष्टीने यात एक मोठी अडचण आहे आणि एक मोठी सोय आहे. अडचण अशी की इथे खलनायक नाही, संवाद नाही, घटना नाही. सोय अशी की या पोकळीत मुलाचे मन हिशेब मांडत बसते, आणि असा हिशेब हा विनोदाला फार पोषक असतो. संघ निवडताना आपला क्रमांक कितवा लागला, गटाच्या संदेशांमध्ये आपल्या वाक्यानंतर किती वेळ कोणी काही लिहिले नाही, बाकावर शेजारचा मुलगा किती बोटे सरकला, याची पराग नोंद ठेवू शकतो, आणि ती नोंद जितकी काटेकोर आणि तटस्थ, तितकी ती हसवेल आणि तितकीच ती बोचेल. दप्तर लपवण्याचे तीन प्रसंग आहेत, त्यांतला एक ठेवा आणि बाकी दोहोंच्या जागी असे न घडलेले प्रसंग लिहा.

या हिशेबात पराग चुकतही असला पाहिजे. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये किशोरवयातल्या ‘काल्पनिक प्रेक्षकवर्गा’ची कल्पना मांडली : या वयात मुलाला वाटते की सर्वांचे डोळे सतत आपल्यावर आहेत, आपला प्रत्येक डाग, प्रत्येक चूक सर्व जण टिपत आहेत. सर्वसाधारण मुलाच्या बाबतीत हा बहुतांशी भ्रम असतो. कंपूबाहेरच्या मुलाच्या बाबतीत तो कधी भ्रम असतो आणि कधी खरेच लोक पाहत असतात, आणि कोणते केव्हा हे त्याला ओळखता येत नाही. आपल्या पुस्तकात मात्र परागला वाटते ते प्रत्येक वेळी खरेच निघते. वर्ग कुजबुजतो तो नेहमी त्याच्याविषयीच कुजबुजतो. निदान दोनदा त्याचा अंदाज साफ चुकू द्या. मागच्या बाकावरच्या मुली आपल्याला हसत आहेत अशा समजुतीने तो तीन दिवस वेगळ्या जिन्याने जातो, आणि नंतर कळते की त्या गणिताच्या सरांच्या उलट्या घातलेल्या स्वेटरला हसत होत्या. वाचकाला परागवर हसण्याचा असा निर्मळ अधिकार दोनदा मिळाला की बाकीच्या वेळी तो परागवर अधिक विश्वास ठेवतो.

तसेच परागच्या मनातही थोडा अन्याय असू द्या. दूर लोटलेले मूल लोटणाऱ्यांना एकच एक ठोकळा समजते, आणि ते स्वाभाविक आहे. लेखकाने तसे समजू नये. एस. ई. हिंटन यांनी शाळेत असतानाच लिहिलेली आणि त्या १८ वर्षांच्या असताना, १९६७ साली प्रसिद्ध झालेली ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी आजही वाचली जाते, त्याचे मला जाणवणारे एक कारण असे की तिचा १४ वर्षांचा निवेदक समोरच्या श्रीमंत टोळीतल्या मुलीशी बोलताना थबकतो आणि त्याच्या लक्षात येते की सूर्यास्त तिला तिच्या अंगणातून आणि आपल्याला आपल्या पायरीवरून दिसतो, पण तो एकच आहे. टोळ्यांमधले वैर तेवढ्याने मिटत नाही. फक्त ‘ते सगळे’ हा शब्द त्याला यापुढे पूर्वीइतक्या सहज उच्चारता येणार नाही. आपल्या पुस्तकात ऋषी हे नाव पाडणारा मुलगा आहे. त्याला आपण नावही दिलेले नाही, ‘लांबोडा’ एवढेच म्हटले आहे. त्याला नाव द्या. त्याला एखादी गोष्ट मनापासून आवडू द्या आणि ती परागला योगायोगाने दिसू द्या. त्याने पश्चात्ताप करण्याची मुळीच गरज नाही, आणि कृपा करून त्याच्या घरी दारू पिणारे वडील आणू नका. क्रूर वागणाऱ्या प्रत्येक मुलामागे दुःखी घर दाखवण्याची आपल्या लेखकांना इतकी सवय झाली आहे की वाचकाला ते दुसऱ्या प्रकरणातच ओळखू येते. काही मुले केवळ हशा मिळतो म्हणून चिडवतात, आणि हशा मिळेनासा झाला की थांबतात.

भाषेबद्दल फार लिहीत नाही. आज मुलांच्या तोंडी असलेले शब्द जसेच्या तसे भरले तर काही वर्षांत पुस्तक शिळे वाटू लागते, म्हणून या वर्गाचे स्वतःचे दोन-तीन शब्द तयार करा आणि तेच पुस्तकभर चालवा. ‘ऋषी’ हा त्यांतला एक आहेच. मोठ्या माणसांबद्दलही थोडक्यात सांगते : तेराव्या प्रकरणात मराठीच्या बाई दोन पाने उपदेश करतात, तो पूर्ण काढावा. बाईंनी काय सांगितले यापेक्षा त्या परागचे वाक्य संपेपर्यंत थांबतात की ते स्वतः पूर्ण करून टाकतात, यातून त्यांचे माणूसपण दिसेल.

सतराव्या प्रकरणाबद्दल मात्र मला गांभीर्याने लिहायचे आहे. आराखड्यानुसार तिथे पराग जीव देण्याचा विचार करतो आणि आपण तो विचार तपशिलासह लिहिणार आहात. असा विचार या वयातल्या मुलांच्या मनात येऊ शकतो आणि त्याविषयी साहित्याने गप्प बसावे असे मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने वृत्तमाध्यमांना या बाबतीत जी मार्गदर्शक सूत्रे दिली आहेत, त्यांत कृतीच्या पद्धतीचे आणि जागेचे तपशील देऊ नयेत आणि मदत कुठे मिळते हे सांगावे, असे स्पष्ट म्हटले आहे. १२ ते १८ वर्षांच्या वाचकासाठी लिहिणाऱ्याने ही सूत्रे स्वतःला लागू आहेत असेच समजावे. पद्धत लिहू नका, जागा लिहू नका, तो विचार सुटकेसारखा वाटू देऊ नका. आणि त्याच प्रकरणात कोणीतरी मोठे माणूस, परिपूर्ण नसले तरी चालेल, परागला हाक मारण्याइतके जवळ असू द्या, आणि परागने तिच्यापाशी किंवा त्याच्यापाशी एक वाक्य तरी बोलावे. या प्रकरणात विनोद असावा का, असे आपण समासात विचारले आहे. परागची शब्द शोधण्याची सवय तिथेही सुटणार नाही. तो ‘प’ नसलेले शब्द निवडतच मदत मागेल, आणि ऐकणाऱ्याला ते वाक्य विचित्र वाटेल. तेवढा विनोद तिथे आपोआप असेल. त्याहून अधिक घालू नये.

दुरुस्तीला बसताना एक साधी रीत वापरून पाहा. हस्तलिखित छापून घ्या, निळी आणि तांबडी अशा दोन पेन्सिली घ्या. वाचताना जिथे हसू आले तिथे समासात निळी रेघ ओढा, जिथे घसा दाटला तिथे तांबडी. नंतर पाने न वाचता फक्त समास पाहत जा. आराखड्यावरून माझा अंदाज असा की पहिल्या नऊ प्रकरणांचा समास सलग निळा दिसेल आणि पुढचा सलग तांबडा. जिथे एकाच ओळीशी दोन्ही रेघा येतात ती ठिकाणे मोजा. पाच जरी निघाली तरी तीच आपल्या पुस्तकाची खरी पाने आहेत. इतर प्रकरणे त्यांच्याकडे पाहत पुन्हा लिहायची आहेत. निळ्या रेघेजवळ आणखी एक टीप करा : हा विनोद कोण करतो आहे आणि तो ऐकून कोणाला लागले? उत्तर ‘लेखक’ आणि ‘कोणालाच नाही’ असे आले तर तो विनोद कितीही चांगला असला तरी काढावा. मला माहीत आहे की हे जड जाते. मी अशा रेघा मारलेली हस्तलिखिते परत पाठवते तेव्हा लेखकांची सर्वांत कळवळून आलेली पत्रे याच विनोदांसाठी असतात.

राहिला शेवट. वक्तृत्व स्पर्धेचा शेवट ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. लहानपणी अडखळणारी बरीच मुले पुढे सहज बोलू लागतात, पण चौदाव्या वर्षापर्यंत टिकलेले अडखळणे एका दिवसात, एका व्यासपीठावर, निर्धार केल्यामुळे नाहीसे होत नाही. जगात साधारण शंभरातले एक माणूस अडखळत बोलते, म्हणजे आपले पुस्तक चांगले खपले तर त्याच्या वाचकांत अशी मुले नक्की असतील. ती मुले परागवर एवढी पाने विश्वास ठेवतील आणि शेवटच्या प्रकरणात त्यांना असे सांगितले जाईल की धैर्य असते तर तुलाही बोलता आले असते. हे असत्य आहे आणि त्या मुलांवर अन्याय करणारे आहे. परागने वर्गाचा लाडका व्हावे यालाही माझा तेवढाच विरोध आहे. कंपूबाहेरच्या मुलाची गोष्ट त्याला कंपूत घेऊन संपवली की बाहेर असणे ही केवळ एक चूक होती असा अर्थ निघतो.

मला सुचतो तो शेवट आपल्याच सामग्रीतून येतो. पुढच्या वर्षीचा पहिला दिवस आहे आणि नव्या बाई नावे विचारत आहेत. पराग या वेळी हर्षद म्हणत नाही. तो ‘प’वर थांबतो. किती सेकंद, हे त्याला मोजू द्या, कारण तो मोजणारा मुलगा आहे. त्या सेकंदांत त्याला पुष्परज आठवू द्या आणि वाचकाला शेवटचे एकदा हसू द्या. मागच्या बाकावरून, ऋषी हे नाव ज्याने पाडले तो मुलगा मदत करायला म्हणून तोंड उघडतो, आणि शेजारची मुलगी त्याच्या मनगटावर पट्टी टेकवते. एवढेच. नाव पूर्ण ऐकू येऊ द्या, कारण वाचक त्यासाठी २०० पाने थांबला आहे, आणि ते अडखळतच येऊ द्या. आणि तोवर बाईंना हजेरीपटाकडे पाहू देऊ नका.